पाणसळ

टिंबर मार्केटात करमशीभाईंनी विचारलं,
“मिस्त्री कुठाय तुमचा?”
म्हटलं, मीच.
ते थोडा वेळ माझ्या पर्सकडं बघत राहिले,
मग पोराला म्हणाले, आतल्या फळ्या दाखव रे, बाहेरच्या नको.

चार फळ्या पाइनच्या,
उद्यमनगरात कुठल्याशा मशिनीभोवती खोकं होऊन आलेल्या.
एकीवर अजून निम्मा बाण छापलेला:
ही बाजू वर.
रिक्षात मांडीवर आडव्या घेऊन बसले.
व्हीनस कॉर्नरला एक दुचाकीवाला ओरडला,
“मावशी, पंख मिटा की!”

आठवडाभर मी लॅबमध्ये
लोकांच्या रक्ताच्या नळ्या लावते.
नाव, वय, तारीख. हात चुकत नाही.
रविवारी मात्र करवत
पेन्सिलीची रेघ सोडून आपल्या वाटेनं जाते
आणि मी तिच्यामागून.

पहिली फळी दोन सूत आखूड झाली.
दुसरी तिच्याशी जुळवायला गेले, तर तीन.
समोरच्या गाळ्यातले इलाही मिस्त्री
दारातूनच म्हणाले,
“लाकडाला दम देऊ नका, वहिनी. दम धरा.”
आणि आपला रंधा ठेवून गेले,
मूठ घामानं काळी झालेला.

गाठीपाशी तो कुरकुरला, अडला.
फळी फिरवून घेतली,
तशी ढलपी निघाली अखंड,
कांद्याच्या पापुद्र्यासारखी, पलीकडचं दिसेल इतकी.
धाकटी ती कानात अडकवून आरशासमोर गेली.

भिंतीचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.
ओळंबा सोडला, तर वर टेकतो,
खाली बोटभर लांब.
फरशी मोरीकडं उतरते, छत स्वैपाकघराकडं,
दाराची चौकट कुणाचंच ऐकत नाही.
खालून मोजलं तर फळी तिरकी,
वरून मोजलं तर वेगळी तिरकी.
पाणसळ घ्यायला गेले होते,
किंमत ऐकून परत ठेवली.

मग ती दिसली.
खिडकीच्या कट्ट्यावर चार बोटं,
दोनदा रंग देऊनही चहाच्या डागासारखी वर आलेली.
त्या ऑगस्टात पाणी इथं येऊन
सहा दिवस थांबलं होतं.

या भिंतीवरून त्या भिंतीवर,
कोपऱ्यात न मोडता,
कपाटामागून, कॅलेंडराखालून,
अख्ख्या घरात सरळ अशी ती एकच.
गवंड्याला जमलं नव्हतं
ते नदी करून गेली होती.

किती शिव्या दिल्यात हिला.
हिच्याखालचं सगळं गेलं,
शिलाई मशीन तेवढं परत चालू झालं,
पण अजून सुईखाली वाळू येते म्हणते जाऊबाई.
आज वाकून
तिच्यावर पेन्सिल टेकवली
आणि वीत वीत वर मोजत गेले.

भोकं पाडली. विटेचा लाल भुसा पावलांवर.
एक स्क्रू वाकडा गेला, तसाच राहू दिला.
दोन सूत आखूड ती फळी
अगदी खाली ठोकली, रेघेच्याही खाली, चपलांसाठी.
पाण्याला हवी असेल तर ती त्यानं न्यावी.

धाकटीनं वरच्या फळीवर गोटी ठेवली.
आम्ही दोघी गप्प.
गोटी जरा डुलली, विचार केल्यासारखी,
मग बसली.

संध्याकाळी हे आले मोबाइलवर बोलत,
किल्ल्या फळीवर टाकल्या
आणि पाय धुवायला गेले.
फळी जणू तिथं कायमच होती.

मीही काही बोलले नाही.
तीन सूतवालीचे टेकू झालेत,
उजव्या टेकूवरचा बाण मुद्दाम घासला नाही.
रंधा उद्या परत द्यायचा.
म्हणजे द्यायला हवा,
पण चौथी फळी अजून दाराआड उभी आहे
आणि बाहेर अजून उजेड आहे थोडा.